सत्यवान महूकर: वाइल्डचं नाटक इंदुरी वाड्यात आणि टीव्हीच्या चौकटीत

ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. पात्रं नऊ, जागा तीन, आणि सगळी गंमत बोलण्यात. गोष्ट थोडक्यात अशी: जॅक गावाकडे स्वतःच्या नावानं राहतो आणि शहरात 'अर्नेस्ट' या नावानं वावरतो. गावी तो सांगतो की अर्नेस्ट हा आपला उनाड भाऊ. शहरात त्याचं प्रेम ग्वेंडोलेनवर, पण तिची आई लेडी ब्रॅकनेल आडवी येते, कारण जॅक हा बाळपणी स्टेशनवर एका हँडबॅगेत सापडलेला मुलगा. जॅकचा मित्र अल्जरनन तोच 'अर्नेस्ट' बनून गावी पोचतो आणि जॅकच्या सांभाळातल्या सेसिलीच्या प्रेमात पडतो. इंदुरातल्या एखाद्या मराठी मंडळाला दीड तासाचं टीव्ही-रूपांतर करायचं असेल तर हे नाटक हाताशी ठेवावं. एका जुन्या वाड्यात ते पूर्ण होतं आणि पैसा लागतो तो दिवे, माइक आणि जिलब्यांवर.

हक्कांचा प्रश्न सोपा आहे. वाइल्ड १९०० साली वारला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लिखाण मोकळं होतं. मात्र कुणी केलेलं मराठी भाषांतर किंवा जुन्या चित्रपटातली वाढीव वाक्यं उचलू नका, त्यांचे हक्क वेगळे असतात. मूळ इंग्रजी संहिता समोर ठेवून स्वतः लिहा. देवलांनी 'संशयकल्लोळ' लिहिताना मर्फीच्या 'ऑल इन द राँग'चं असंच केलं, पुलंनी 'ती फुलराणी'त शॉच्या 'पिग्मॅलियन'चं. दोन्हींत भाषांतर नाही, नवं घर वसवलं आहे.

काळ १९६० च्या आसपासचा धरा. घरात टेलिफोन नाही, निरोप्या आहे, मीटरगेजची छोटी रेल्वेगाडी चालू आहे आणि होळकरशाही लोकांच्या आठवणीत ताजी आहे. आपल्या रूपांतरात जॅक म्हणजे जनार्दन, अल्जरनन म्हणजे अरविंद, ग्वेंडोलेन म्हणजे मालती, सेसिली म्हणजे शकू, तिची शिक्षिका मिस प्रिझम म्हणजे लेलेबाई आणि गावचे पाद्री म्हणजे शास्त्रीबुवा.

आधी नाती सोडवा, मग संवाद लिहा

बहुतेक रूपांतरं इथेच अडतात. मूळ नाटकात शेवटी कळतं की जॅक हा लेडी ब्रॅकनेलच्या बहिणीचा मुलगा आणि अल्जरननचा सख्खा भाऊ. म्हणजे ज्या ग्वेंडोलेनशी त्याचं लग्न ठरतं ती त्याची सख्खी मावसबहीण. इंग्रजांना त्यात वावगं वाटत नाही. मराठी प्रेक्षकाला ती थेट भाऊबहीण, आणि शेवटच्या पाच मिनिटांत नाटकाचा सगळा आनंद विटतो.

उपाय असा: लेडी ब्रॅकनेलला मावशी किंवा आत्या करू नका, मामी करा. जॅकची आई ही मामांची बहीण, म्हणजे ग्वेंडोलेन मामाची मुलगी. देशस्थ घरात मामाच्या मुलीशी लग्न पूर्वीपासून रुळलेलं आहे, म्हणून कुटुंब देशस्थच ठेवा. कोकणस्थ घर घेतलंत तर पुन्हा अडचण होईल. आणखी एक फायदा आपोआप मिळतो. लॉर्ड ब्रॅकनेल मूळ नाटकात रंगमंचावर येतच नाहीत. इथे मामाही माडीवरच राहतात आणि सगळी सत्ता मामीकडे. हे चित्र आपल्याला ओळखीचं आहे, वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

जॅकच्या बापाचं नाव कुणालाच आठवत नाही, हा मुळातला धागा इंग्रजीत थोडा ओढून आणलेला वाटतो. मराठीत तो घट्ट बसतो. नणंदेच्या यजमानांचं नाव मामी कशाला घेईल? होळकरांच्या फौजेतला माणूस, त्यामुळे घरीदारी सगळे 'मेजरसाहेब'च म्हणणार. पण आपल्याकडे मुलाला बापाचं नाव ठेवत नाहीत, आजोबांचं ठेवतात. म्हणून शोधायचं नाव मेजरसाहेबांचं नसून त्यांच्या वडिलांचं. मूळ नाटकात जॅक ते नाव फौजेच्या याद्यांत शोधतो. आपण त्याच्या कपाटात कुलवृत्तांत ठेवायचे. ज्याला स्वतःचं कूळ माहीत नाही असा माणूस दुसऱ्यांच्या कुळांची पुस्तकं जमवत बसतो, यात कारुण्यही येतं.

दुसरी गाठ सेसिलीची. ती जॅकला 'अंकल' म्हणते. तिला 'काका' म्हणायला लावलंत तर काकाचा भाऊही काकाच, आणि तिचं लग्न तर त्या भावाशीच व्हायचं आहे. तिला 'भाऊसाहेब' म्हणू द्या. पालकाचा मान राहतो आणि नातं आडवं येत नाही. पहिल्या अंकातल्या सिगारेट केसच्या जागी चांदीची सुपारीची डबी घ्या आणि तिच्यावर कोरा: 'ती. भाऊसाहेबांस शकूचा शि. सा. नमस्कार'. जनार्दन सांगतो की शकू म्हणजे आपली मावशी. त्यावर अरविंद एवढंच विचारतो, मावशी भाच्याला शिरसाष्टांग कधीपासून घालायला लागली? पत्राचा मायना पाठ असलेला प्रत्येक माणूस इथे हसतो.

नाव, आडनाव आणि होल्डॉल

'अर्नेस्ट' या नावात 'प्रामाणिक' हा अर्थ आहे आणि दोन्ही मुलींना त्याच नावाचा नवरा हवा आहे. मराठीत यासाठी 'सुशील' किंवा 'विनय' सुचतं, पण ती नावं अर्थापलीकडे जात नाहीत. 'सत्यवान' घ्या. खरं बोलणारा हा अर्थ आहेच, शिवाय सावित्री पाठीशी उभी आहे. दोन मुली वडाला फेऱ्या घालण्याच्या आधीपासून सत्यवानच हवा म्हणून हटून बसल्या आहेत. दुसऱ्या अंकात जनार्दन आपल्या खोट्या भावाला मारून सुतक पाळत येतो, तेव्हा तो 'मेलेला' सत्यवान माजघरात जिलबी खात असतो. सत्यवान मरून परत येतो हे आपल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही.

मूळ नाटकात वर्दिंगचं तिकीट खिशात होतं म्हणून सापडलेल्या मुलाला 'वर्दिंग' आडनाव मिळालं. मराठीत याहून सरळ काम नाही. महूचं तिकीट खिशात, म्हणून महूकर. मामी वहीत आडनाव लिहिताना थांबते, कारण इंदुरातले सगळे 'कर' तिला ठाऊक आहेत आणि हा त्यांत बसत नाही. स्टेशन इंदूरचं, आणि ब्रायटन लाइनच्या जागी महू लाइन.

बाळ सापडतं ती हँडबॅग इथे होल्डॉल करा, म्हणजे अंथरूण-कपडे गुंडाळून न्यायची वळकटी. एक तर त्या काळच्या रेल्वेप्रवासाची ती नेहमीची वस्तू आहे. दुसरं, मामीला हा शब्द उच्चारायचा आहे. 'पिशवीत?' म्हटलं तर शेवटी 'त' आदळतो आणि श्वास तुटतो. 'होल्डॉल' मधला 'डॉ' हवा तितका लांबवता येतो. ओळख पटवण्याच्या खुणा तीन ठेवा: टांगा उलटला तेव्हा फाटून पुन्हा शिवलेला कोपरा, लोणच्याच्या तेलाचा डाग, आणि झडपेवर रंगवलेली लेलेबाईंची आद्याक्षरं. डाग चित्रीकरणाच्या निदान आठवडाभर आधी पाडा. ताजं तेल दिव्याखाली चमकतं आणि लबाडी उघडी पडते.

अल्जरननच्या काल्पनिक आजारी मित्राचं, बनबरीचं नाव असं हवं की त्यातून क्रिया तयार होईल. 'बंडोपंत' घ्या. खोटी सबब सांगून गावाबाहेर सटकणं म्हणजे 'बंडोपंती'. शहर इंदूर, गाव देवास. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदत होती. दोन नावांनी जगणाऱ्या माणसाचं घर तिथेच शोभतं.

वाक्याचा शेवट मोकळा करा

इंग्रजीत विनोदाचा शब्द वाक्याच्या टोकाला येतो. मराठीत टोकाला क्रियापद येतं. सरळ भाषांतर केलं की विनोद वाक्याच्या पोटात राहतो आणि शेवटी 'आहे', 'असतं', 'पाहिजे' ऐकू येतं. नटाने कितीही जोर लावला तरी ते वाक्य पडतं.

'सत्यवान नावाच्या माणसाशीच लग्न करायचं असं मी ठरवलेलं आहे.' हे वाक्य अर्थाने बरोबर आहे, पण त्यावर कुणी हसणार नाही. 'लग्न करीन तर सत्यवानाशी.' इथे नाव शेवटी आलं, 'आहे' गेलं, आणि सोळा अक्षरं वाचली. संहितेचा पहिला खर्डा झाल्यावर लाल पेन घेऊन फक्त एवढंच काम करा: प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाला गोल करा. पानावर 'आहे'चे गोल सहापेक्षा जास्त दिसले तर ते पान पुन्हा लिहा. लांब वाक्याची दोन करा. होकारार्थी वाक्याला प्रश्न करून पाहा.

बोलीची वाटणी सुरुवातीलाच ठरवा. मामीची मराठी पुणेरी वळणाची. अरविंद इंदुरी, बोलता बोलता हिंदीत घसरणारा. नोकर माळवी. सगळे एकसारखं छापील बोलले तर चौघांचे आवाज डोळे मिटून वेगळे ओळखता येत नाहीत.

किती कापायचं

वाइल्डचं नाटक आधी चार अंकी होतं. निर्माता-नट जॉर्ज अलेक्झांडरच्या सांगण्यावरून ते तीन अंकी झालं आणि त्यानं भलंच झालं. म्हणून कात्री लावताना हात थरथरू देऊ नका. पूर्ण नाटकाला दोन तासांच्या वर लागतात. लक्ष्य ९० मिनिटं: पहिला अंक ३२, दुसरा ३८, तिसरा २०. घड्याळ लावून बसून वाचा, आणि वाचनाचा वेळ जो येईल त्यात दहा टक्के हालचालींसाठी धरा.

लेलेबाई आणि शास्त्रीबुवांची दुसऱ्या अंकातली जुगलबंदी अर्ध्यावर आणता येते. मात्र बाईंनी पूर्वी तीन खंडांची कादंबरी लिहिली होती, हा उल्लेख काढू नका. बाळ हरवलं ते त्यांच्याच हातून: चुकून बाळ होल्डॉलमध्ये आणि बाळाच्या जागी बाबागाडीत ते बाड ठेवलं गेलं होतं, आणि हे आधी पेरलं नसेल तर शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटतो. दोघा तरुणांनी शास्त्रीबुवांकडे स्वतंत्रपणे जाऊन स्वतःचं बारसं ठरवणं, हेही राहायलाच हवं. तिशीतल्या पुरुषाच्या बारशासाठी पाळणा आणि घुगऱ्यांची चौकशी करणारे गंभीर शास्त्रीबुवा कापणं म्हणजे नुकसान.

टीव्ही म्हटलं की बाहेरची दृश्यं घालण्याचा मोह होतो: स्टेशन, वाफेचं इंजिन, रडणारं बाळ. घालू नका. होल्डॉलची गोष्ट फक्त बोलण्यातून कळते म्हणूनच मामीचा चेहरा बघण्यासारखा होतो. प्रेक्षकाला स्टेशन आधीच दाखवलंत तर मामीला धक्का बसतो तेव्हा तो प्रेक्षकाला बसत नाही.

खाण्याचा हिशेब

या नाटकात माणसं सतत खातात, आणि प्रत्येक घास हा संवादच असतो.

पहिल्या अंकात मामीसाठी केलेली काकडीची सँडविचं अरविंद संपवतो. त्यांच्या जागी कोथिंबीर वड्या. हातात धरता येतात आणि मोजता येतात. नोकर शांतपणे सांगतो की रोख पैसे देऊनही मंडईत कोथिंबीर मिळाली नाही. भाजीवाले कोथिंबीर फुकट घालतात, त्यामुळे हे खोटं मूळ नाटकापेक्षा मोठं झालं. नटाला हे वाक्य एकाच पट्टीत म्हणायला सांगा, भुवईसुद्धा हलू नये.

दुसऱ्या अंकात दोन मुलींचं चहावरचं भांडण आहे. मालती म्हणते, साखर नको. शकू चार खडे टाकते. इथे साखरेचे चौकोनी खडेच वापरा, चमच्याची साखर कॅमेऱ्यात मोजता येत नाही. केकच्या जागी पोहे. मालती पुण्याला शिकून आलेली, ती सांगते की चांगल्या घरांत आता पोह्यांवर शेव घालत नाहीत. शकू मूठभर शेव घालून बशी पुढे करते. शेवेचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा: माइक बशीपासून वीतभर अंतरावर, खोली पूर्ण शांत.

मफिनच्या जागी जिलबी. मूळ कारण जसंच्या तसं लागू पडतं: घाईघाईनं खाल्लं तर बाही बरबटते. प्रमाण असं काढा: एका टेकमध्ये ६ जिलब्या, ४ टेक, कॅमेऱ्याच्या ३ जागा, म्हणजे ७२. ८० मागवा. साधारण अडीच किलो होतात. गरम जिलबी दिव्यांखाली पंधरा-वीस मिनिटांत मऊ पडून लोंबते, म्हणून दोन हप्त्यांत आणा. नटाने घास दुसऱ्याच्या वाक्यावर घ्यायचा, स्वतःच्या नव्हे. घास बोराएवढाच. कट झाला की तोंडातलं टाकायला भांडं हवं, नाहीतर चौथ्या टेकला नटाला जिलबीकडे बघवत नाही. प्रत्येक टेक संपला की ताटाचा फोटो काढा. ताटात पाच असताना पुढच्या शॉटला सात दिसल्या तर सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं.

वाडा, आवाज, कपडे

रामबाग, नारायण बाग या भागांतले जुने वाडे दिसायला सुंदर आहेत, आवाजाला कठीण. सकाळी कचरागाडी गाणं लावून येते. १९६० च्या घरात ते गाणं ऐकू आलं की सगळं फुकट. गाडी गेल्यावरच आवाजाचे शॉट सुरू करा. दुपारी कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी आरती. संवादाचे लांब प्रसंग रात्री घ्या, फक्त चौकातले दिवसा. फ्रीज आणि पंखे बंद. दर जागेवर तीस सेकंद कुणीही न बोलता नुसती शांतता रेकॉर्ड करा. संपादनात दोन वाक्यांच्या मधे तीच भरावी लागते.

आवाज ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. मोठ्यात मोठा शब्द रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. मामीची रेशमी नऊवारी सळसळते, तिच्या पदराखाली कॉलर माइक लावलात तर शब्दांपेक्षा रेशीमच ऐकू येईल. तिच्यासाठी वरून बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक.

कॅमेरे तीन धरा, तिन्ही सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर एक पन्नासांशावर. आपली वीज ५० हर्ट्‌झची, वेगळा आकडा ठेवला तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी पडद्यावर लुकलुकतात.

कपड्यांत दोन सापळे आहेत. माहेश्वरी साडी इंदुरात हाताशी असते, पण बारीक चौकडी आणि धारी कॅमेऱ्यात वळवळतात. मुलींना मोठा साधा पोत आणि ठळक काठ द्या. दुसरा सापळा पांढऱ्याचा. जनार्दन सुतकात येतो तेव्हा धोतर-उपरणं पांढरं हवं, पण शुभ्र कापड दिव्याखाली चकाकून सपाट दिसतं, घडी दिसत नाही. फिक्या चहात दहा मिनिटं बुडवून वाळवा. कॅमेऱ्यात ते पांढरंच दिसतं.

याच प्रवेशासाठी त्याची मिशी काढलेली असावी. पहिल्या अंकात खरी मिशी, म्हणून पहिला अंक सर्वात आधी चित्रित करा. चिकटवलेली मिशी क्लोजअपमध्ये कळते. तो मागच्या दरवाजातून चौक ओलांडून येतो, बोडका, उघड्या डोक्यानं. हा शॉट लांबून, न तोडता, निदान आठ सेकंद. जवळ जाऊ नका. पुढे कोपऱ्यात लेलेबाई आणि शास्त्रीबुवा गप्पांत, मागून तो येतोय, आणि त्यांना अजून पत्ता नाही. हसू त्या अंतरात आहे.

मामीची चौकशी

सगळ्या कामाची कसोटी हाच प्रसंग. वही-पेन्सिल घेऊन मामी स्थळ तपासते: वय, उत्पन्न, घर कुठल्या गल्लीत, आईवडील.

मूळ नाटकात जॅक उभा असतो आणि बाई बसलेली. रंगमंचावर ठीक. टीव्हीच्या चौकटीत उभा माणूस डोक्यावरून कापला जातो किंवा बसलेलीच्या वर रिकामी भिंत उरते. मामीला झोपाळ्यावर बसवा, जनार्दनला बुटक्या चौरंगावर. त्याचे डोळे तिच्यापेक्षा वीतभर खाली आले पाहिजेत.

पहिला कॅमेरा बाजूनं, दोघं एका चौकटीत, झोपाळा डावी-उजवीकडे हलताना दिसेल असा. बाजूनं घेतल्यामुळे अंतर बदलत नाही आणि फोकस टिकतो. दुसरा जनार्दनवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिसरा मामीवर समोरून. समोरून झोपाळा पुढेमागे येतो आणि चेहरा धूसर होतो, म्हणून तिचे क्लोजअप झोपाळ्याला मागून पाचर लावून वेगळे घ्या. तिन्हींच्या भिंगाचं छिद्र एफ ५.६ च्या आसपास ठेवा.

झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर सुटी रेकॉर्ड करा आणि पूर्ण प्रसंगभर मंद ठेवा. 'होल्डॉल' शब्द आला की ती थांबते. मामी अजून बोललेली नाही, पण घर थांबलं.

मग तिचा एक शब्द. १९५२ च्या चित्रपटात एडिथ इव्हान्सनं हा शब्द असा काही ताणला की नंतरच्या प्रत्येक अभिनेत्रीपुढे तो डोंगर उभा राहिला. १९८६ च्या बीबीसीच्या टीव्ही-रूपांतरात ही भूमिका जोन प्लाउराइटनं केली. आपल्या मामीला ओरडायला लावू नका. माइक दोन हातांवर आहे, शेवटची रांग नाहीच. हळू म्हटलेला 'होल्डॉल?' जास्त लागतो.

आणि त्या क्षणी चित्रात मामी नको, जनार्दन हवा. टीव्हीवरच्या विनोदाचं मर्म हेच: कॅमेरा ऐकणाऱ्याला द्या. रंगमंचावर प्रेक्षक स्वतः निवडतो कुणाकडे बघायचं, टीव्हीत आपण निवडतो, आणि सवयीनं बोलणाऱ्याला निवडतो. बोलणारा फक्त वाक्य टाकतो. ते कुठे जाऊन लागलं हे समोरच्या चेहऱ्यावर दिसतं. संहितेच्या डाव्या समासात प्रत्येक विनोदी वाक्यापाशी ऐकणाऱ्याचं नाव लिहून ठेवा, आणि तो शॉट घेतल्याशिवाय जागा सोडू नका.

हशा नाही, मग जागा कुठे सोडायची

नाट्यगृहात नट हशासाठी दोन-तीन सेकंद थांबतो. तीच सवय कॅमेऱ्यापुढे आली की वाक्य विसरल्यासारखं दिसतं. रेकॉर्डिंगच्या आधी तीस-चाळीस लोकांपुढे एक वाचन करा, हशा कुठे येतो त्यावर खूण करा, आणि मग तालमीत त्या जागा बुजवा. कृत्रिम हशा लावू नका. तो वाइल्डच्या वाक्यांवर पाय ठेवतो.

कापताना विनोदाचा शब्द पूर्ण होऊ द्या, त्यानंतर साधारण १२ फ्रेम, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद, मग ऐकणाऱ्याचा चेहरा. शब्दावरच कापलंत तर कान आणि डोळा भांडतात. भांडणाच्या प्रसंगात उलट करा: पुढच्याचा आवाज आधी सुरू होऊ द्या, चित्र मागून.

शेवटच्या प्रसंगासाठी कुलवृत्तांताचं एक पान खरोखर छापून घ्या, जुन्या खिळ्यांच्या वळणाच्या अक्षरात, पिवळसर कागदावर, आणि लाल कापडी बांधणीच्या जाड पुस्तकात चिकटवा. वंशवृक्षात वरती आजोबा, खाली मेजरसाहेब, त्याखाली दोन फांद्या: 'सत्यवान (बालपणी बेपत्ता)' आणि 'अरविंद'. अक्षर एवढं मोठं की मोबाइलच्या पडद्यावरही वाचता येईल. जनार्दनचं बोट ओळीवरून सरकतं, नावाशी थांबतं. बोट चार सेकंद हलू देऊ नका, आणि तेवढ्या वेळात कुणी काही बोलायचं नाही.